‘आधी डायरीला घ्या’: परिविक्षाधीन उपनिरीक्षकाचे ठाण्यातील शिक्षण

नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरील महाराष्ट्र पोलीस अकादमीतून बाहेर पडले तेव्हा कलमे, शिक्षा आणि अपवाद मला बऱ्यापैकी पाठ होते. पोलीस ठाणे रोज कशावर चालते याची ओळख मात्र पुढे, परिविक्षाधीन पोलीस उपनिरीक्षक म्हणून एका तालुक्याच्या ठाण्यात नेमणूक झाल्यावर झाली. ठाण्याच्या हद्दीत बाजारपेठेचे एक गाव, राज्य महामार्गाचा एक पट्टा, उसाच्या हंगामात वाढणारी वर्दळ आणि बाकी सगळी वाड्यावस्त्यांवरची शेती होती. शिवाय आमचे शिकणे दोन कायद्यांच्या सांध्यावर चालले होते. 1 जुलै 2024 पासून गुन्हे आणि शिक्षा सांगणारी भारतीय न्याय संहिता, तपासाची पद्धत ठरवणारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याविषयीचा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला मात्र जुने भारतीय दंड विधानच लागते. त्यामुळे ठाण्यातल्या अनुभवी अंमलदारांच्या तोंडी खून, फसवणूक आणि अकस्मात मृत्यू यांसाठी 302, 420 आणि 174 हे जुने आकडे असत, आमच्या वहीत 103, 318 आणि 194 असत, आणि पहिले काही आठवडे आम्ही एकमेकांना आकडे समजावण्यात घालवले.

ठाण्यात गेल्यावर पहिल्यांदा माणसे आणि टेबले ओळखावी लागतात. प्रभारी पोलीस निरीक्षक, त्यांच्या हाताखालचे सहायक निरीक्षक व उपनिरीक्षक, आणि मग अंमलदार: सहायक फौजदार, हवालदार, शिपाई. दारातून आत येणाऱ्या माणसाची पहिली गाठ पडते ती ठाणे अंमलदाराशी. त्याच्या मागे बारनिशीचे टेबल, जिथे आवक-जावक टपालाला क्रमांक पडतो. गुन्हे कारकून, मुद्देमाल कारकून, समन्स-वॉरंट बजावणारे अंमलदार, गोपनीय शाखेचा माणूस, न्यायालयात बसणारा कोर्ट पैरवी अंमलदार, आणि गावोगावचे बीट अंमलदार. जिल्ह्याच्या पातळीवर स्थानिक गुन्हे शाखा असते, पण गुन्हा दाखल होतो तो ठाण्यातच, आणि त्याचा कागदही तिथेच राहतो.

मला शिकवायची जबाबदारी ज्यांच्याकडे आली ते हवालदार वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे होते आणि सगळे ठाणे त्यांना ‘नाना’ म्हणे. त्यांचे एकच वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की शेवटी ते मीच स्वतःला ऐकवू लागले: “मॅडम, आधी डायरीला घ्या, मग निघा.” डायरी म्हणजे ठाणे दैनंदिनी, बोलण्यात स्टेशन डायरी. कोण अधिकारी किती वाजता, कोणत्या वाहनाने, कशासाठी रवाना झाला आणि केव्हा परतला, कोणता फोन आला, कोणता आरोपी कोठडीत घेतला, कोणाला दवाखान्यात पाठवले, शस्त्रागारातून कोणते हत्यार बाहेर गेले, याची क्रमांक आणि वेळेसह नोंद तिथे होते. आता ही नोंद सीसीटीएनएस या पोलीस ठाण्यांना जोडणाऱ्या प्रणालीत संगणकावर घेतात. तरी ‘डायरीला घेणे’ हा शब्दप्रयोग कायम आहे. सुरुवातीला मला हा केवळ सोपस्कार वाटत असे. पुढे न्यायालयात एका जुन्या खटल्याची उलटतपासणी ऐकायला बसले, तेव्हा बचाव पक्षाच्या वकिलांनी साक्षीला उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांना गुन्ह्याविषयी एक शब्द न विचारता सलग पाऊण तास फक्त वेळा विचारल्या: ठाण्यातून किती वाजता निघालात, पंच कोठे भेटले, पंचनामा सुरू केव्हा झाला, संपला केव्हा, परतल्याची नोंद कुठे आहे. वर्षानुवर्षांपूर्वीच्या त्या दिवसाबद्दल अधिकाऱ्यांना आठवत काहीच नव्हते. त्यांना तारून नेले ते नोंदींनी.

ठाणे अंमलदारासमोर येणाऱ्या तक्रारीचा पहिला प्रश्न ती दखलपात्र, म्हणजे पोलिसांना स्वतःहून तपास करता येणारी, की अदखलपात्र हा असतो. ग्रामीण भागात याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे बांधाचा वाद. भावकीत बाचाबाची होते, शिवीगाळ होते, दोन चापटा बसतात, ‘तुला बघून घेतो’ असे म्हटले जाते. न्याय संहितेच्या 115(2), 352 आणि 351(2) या कलमांत हे बसते आणि तेवढेच असेल तर गुन्हा अदखलपात्र ठरतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 174 प्रमाणे अशी खबर नोंदवून फिर्यादीला न्यायालयात दाद मागण्याची समज द्यायची असते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. लोकांच्या भाषेत ही ‘एन.सी.’. रक्त डोक्यात चढवून आलेल्या माणसाच्या हातात एन.सी.ची प्रत ठेवली की त्याचा चेहरा पडतो, आणि मला विचाराल तर त्याचे चुकत नाही, कारण आपली तक्रार पोलिसांनी टाळली असेच त्याला वाटते. म्हणून तपास का करता येत नाही, हे त्याला दोन मिनिटे बसवून सांगावे, असे माझे मत झाले आहे. मात्र याच भांडणात काठी, कुऱ्हाड किंवा कोयता वापरला गेला असेल तर न्याय संहितेचे कलम 118 पुढे येते आणि प्रकरण दखलपात्र होते. त्यामुळे जखमी माणूस समोर आला की आधी दवाखाना यादी देऊन त्याला अंमलदारासोबत ग्रामीण रुग्णालयात पाठवायचे. पोलिसांच्या बोलीत ‘यादी’ म्हणजे लेखी पत्र. डॉक्टर तिच्यावरून तपासून जखमेचा दाखला देतात आणि कलम पुष्कळदा त्या दाखल्यावर ठरते. दोन्ही बाजू पुन्हा भिडतील असे दिसले तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे प्रतिबंधक कारवाईचा प्रस्ताव जातो. त्याला ठाण्यात सरसकट ‘चॅप्टर केस’ म्हणतात.

दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात 12 नोव्हेंबर 2013 रोजी स्पष्ट केले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 ने त्यात भर घातली: घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असो, खबर घ्यायची. एस.टी.त शेजारच्या तालुक्यात पिशवी कापली गेलेली एक बाई आमच्याकडे उतरल्या, तेव्हा त्यांची फिर्याद शून्य क्रमांकाने, म्हणजे आमच्या ठाण्याचा गुन्हा क्रमांक न देता, घेऊन संबंधित ठाण्याला वर्ग केली. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेली खबरही चालते, फक्त खबर देणाऱ्याने तीन दिवसांत तिच्यावर सही केली पाहिजे. उलट, पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची साधी चोरी आता अदखलपात्र आहे, हे ऐकून अजूनही पुष्कळ जण थक्क होतात.

या सगळ्या शब्दांचा एकत्रित अर्थ मला एका घरफोडीत कळला. एका वस्तीवरचे कुटुंब लग्नासाठी परगावी गेले असताना रात्री कडी-कोयंडा उचकटून कपाटातील दागिने आणि रोकड चोरीस गेली होती. सकाळी शेजाऱ्याने 112 वर फोन केला. नोंद घेऊन प्रभारी साहेबांसोबत निघालो; तपास साहेबांकडे, आणि कागद शिकण्यासाठी मी आणि नाना.

फिर्याद लिहून घेताना पहिली कसोटी लागली. जुन्या पठडीत फिर्याद ‘समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून फिर्यादी जबाब लिहून देते की’ या शब्दांनी सुरू होते आणि त्यापुढे सगळे ‘सदर इसम’, ‘नमूद ठिकाणी’, ‘अज्ञात चोरट्याने’ अशा छापील वळणाने जाते. फिर्यादी बाई मात्र सांगत होत्या की कपाटाची किल्ली धान्याच्या डब्यात ठेवण्याची सवय घरच्यांखेरीज आणखी एका माणसाला ठाऊक होती. हे वाक्य पठडीच्या भाषेत घातले असते तर त्याचा जीवच गेला असता. सुरुवातीची आणि शेवटची वाक्ये नमुन्याप्रमाणे ठेवून मधला मजकूर त्यांच्याच शब्दांत घेण्याचा आग्रह मी धरला आणि साहेबांनी तो मान्य केला. दागिन्यांचे वर्णन करताना मात्र पठडीच उपयोगी पडते: प्रत्येक वस्तू वेगळ्या अनुक्रमांकाने, वजन, घडण आणि ओळखीची खूण यांसह लिहायची. ठुशीच्या गोंड्याचा रंग, एका झुब्याची बदललेली फिरकी, मंगळसूत्राच्या वाट्यांवरची अक्षरे अशा खुणा बाईंनी एकेक करून सांगितल्या. किमतीपुढे ‘जु.वा.किं.अं.’ असे लिहिलेले पाहून मी थबकले. जुनी वापरती किंमत अंदाजे, असा त्याचा विस्तार नानांनी सांगितला. मजकूर वाचून दाखवला, बाईंनी सही केली, गुन्हा रजिस्टर नंबर पडला, न्याय संहितेची कलमे 305 (घरातील चोरी) आणि 331(4) (रात्रीची घरफोडी) लागली, आणि प्रथम खबर अहवालाची प्रत त्यांना विनामूल्य दिली. सही घ्यायची ती या फिर्यादीवर. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 180 खाली साक्षीदारांचे जे जबाब घेतात त्यांवर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, हा फरक परीक्षेत लिहिलेला होता, पण ‘सही कुठं करू?’ असे विचारणारा साक्षीदार समोर बसला की तो खरा पक्का होतो.

घटनास्थळ पंचनामा हा माझ्या मते नव्या अधिकाऱ्याने सर्वांत जास्त वेळ द्यावा असा कागद. दोन पंच लागतात, आणि गावात पंच मिळवणे हेच अर्धे काम असते, कारण एकदा सही केली की पुढे कधीतरी न्यायालयाचे समन्स येणार हे प्रत्येकाला माहीत असते. गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून बोलावण्याची पद्धत त्यामुळेच रुळली आहे. पंचनाम्यात घराची चतुःसीमा येते, पूर्वेस काय, पश्चिमेस काय. मग दरवाजा, कोयंडा किती इंचांवर वाकला आहे, कपाट कोणत्या भिंतीला लागून आहे, फरशीवर काय पडले आहे. पंच जे पाहतात तेवढेच लिहायचे, तर्क लिहायचा नाही. ‘चोरट्याने पहारीने कोयंडा उचकटला’ हे वाक्य नानांनी खोडून ‘कोयंडा चौकटीतून निघालेला, चौकटीच्या लाकडावर दाबाची खूण’ असे करायला लावले. पहार आम्ही कोणी पाहिलीच नव्हती. अंगुलीमुद्रा तज्ज्ञांनी कपाटाच्या आरशावरून ठसे उचलले. श्वान पथकातील श्वान महामार्गापर्यंत जाऊन घुटमळले. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी यावे अशी तरतूद त्याच संहितेच्या कलम 176(3) मध्ये आहे, त्याप्रमाणे तेही पथक आले. शोध आणि जप्तीचे चित्रीकरण कलम 105 प्रमाणे करावे लागते, आणि त्यासाठी ई-साक्ष्य अॅप वापरतात. वस्तीवर मोबाईलला रेंज नसल्यामुळे हे काम पुस्तकात वाटते तितके सोपे गेले नाही.

जप्त केलेली प्रत्येक वस्तू पाकिटात घालून, त्यावर पंचांच्या व अधिकाऱ्याच्या सह्यांचे लेबल लावून, लाखेने सील करायची आणि ठाण्यात आल्यावर मुद्देमाल कारकुनाकडे जमा करून पावती घ्यायची. प्रयोगशाळेत जाणारा नमुना म्हणजे ‘सी.ए.ला पाठवलेला माल’; सी.ए. म्हणजे रासायनिक विश्लेषक. नमुना कोणी नेला, केव्हा पोहोचवला, सील शाबूत होते का, या साखळीतली एक कडी तुटली तर अहवाल कितीही अनुकूल असो, वकील तेवढी एक कडी धरून बसतात. महामार्गावरच्या पेट्रोल पंपाचे सीसीटीव्ही चित्रण घेतानाही असेच झाले. डीव्हीआरचे, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे, घड्याळ प्रत्यक्ष वेळेपेक्षा पुढे चालत होते. नानांनी स्वतःच्या मोबाईलवरची वेळ आणि पडद्यावरची वेळ पंचांना एकाच क्षणी दाखवली आणि तो फरक पंचनाम्यात लिहून घेतला. सोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडावे लागते. जुन्या अधिकाऱ्यांच्या तोंडी ते अजून ‘पासष्ट ब’च आहे, आणि नव्या नमुन्यात त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे पडताळण्याचा संकेतांक, लिहावी लागते.

तपासाच्या या सगळ्या दिवसांत तपास अधिकारी केस डायरी लिहीत असतो, कलम 192 प्रमाणे, रोजची, पानांना क्रमांक घातलेली: खबर केव्हा मिळाली, तपास केव्हा सुरू केला, केव्हा थांबवला, कोठे कोठे गेलो. नवे अधिकारी ती आठवड्याची एकदम लिहायला बसतात असे मी ऐकले होते. साहेबांनी मला त्या रात्री साडेअकराला, डोळे मिटत असताना, ती पूर्ण करायला लावली.

संशयिताला ताब्यात घेतल्यानंतरचे कागद सर्वांत कडक आहेत, आणि ते तसेच असले पाहिजेत. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या 1996 च्या निकालातील सूचना आता संहितेतच आल्या आहेत: अटक करणाऱ्याच्या गणवेशावर ठळक नामपट्टी, अटकेच्या पत्रकावर तारीख आणि वेळ, साक्षीदाराची व अटक झालेल्याची सही, नातेवाइकाला कळवल्याची नोंद, वैद्यकीय तपासणी. अटकेची कारणे त्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात तर अटक खरोखर हवीच का, हे आधी लिहून काढावे लागते. एरवी कलम 35(3) ची नोटीस देऊन बोलावायचे. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अपवादात्मक परिस्थितीखेरीज अटक करता येत नाही, आणि त्या अपवादालाही स्त्री अधिकाऱ्याचा लेखी अहवाल व दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते. ठाण्यात स्त्री अधिकारी मी एकटीच असल्याने असा कोणताही प्रसंग आला की फोन मलाच येई.

अटकेपासून 24 तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचे. त्या वेळी दिला जातो तो रिमांड रिपोर्ट. ‘पी.सी.आर.’, म्हणजे पोलीस कोठडी, मागायचा तर तो का हवा हे मुद्देवार लिहावे लागते: मुद्देमाल हस्तगत करायचा आहे, साथीदार निष्पन्न करायचे आहेत, गुन्ह्यात वापरलेले वाहन जप्त करायचे आहे. नुसते ‘अधिक तपास करणे आहे’ असे लिहिले तर ‘एम.सी.आर.’ होतो, म्हणजे न्यायालयीन कोठडी. आमच्या प्रकरणात कोठडी मिळाली आणि त्यातच मेमोरँडम पंचनामा झाला. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. मात्र त्याच्या सांगण्यावरून एखादी गोष्ट सापडली तर तेवढा भाग ग्राह्य धरतात. पुराव्याच्या कायद्यातले हे पूर्वीचे कलम 27, आताचे कलम 23 चे परंतुक. म्हणून पंच आधी बोलवायचे, त्यांच्यासमोर आरोपी जे सांगेल ते त्याच्या शब्दांत घ्यायचे, आणि मग तो नेईल तिकडे जायचे. वाहनात पंच बसलेले, पुढे आरोपी वाट सांगतो आहे. त्याने शेतातल्या कडब्याच्या गंजीतून फडक्यात बांधलेली ठुशी आणि झुबे काढून दिले. मंगळसूत्र वितळवलेले निघाले आणि त्याची लगड दुसऱ्या गावच्या सराफाकडे मिळाली. वजन करण्यासाठी सराफ बोलावला, फिर्यादी बाईंचा पुरवणी जबाब घेतला. त्यांनी फिरकीवरून झुबे क्षणात ओळखले, लगडीकडे मात्र पाहतच राहिल्या.

याच काळात विहिरीत बुडून एका वृद्धाचा मृत्यू झाला आणि मी पहिल्यांदा इन्क्वेस्ट पंचनामा, म्हणजे प्रेताचा पंचनामा, लिहिला. अशा प्रकरणात प्रथम गुन्हा दाखल होत नाही. अकस्मात मृत्यूची नोंद होते, बोलण्यात ‘ए.डी.’, आणि विदर्भातल्या माझ्या सहाध्यायांच्या ठाण्यांत ‘मर्ग’. कलम 194 प्रमाणे प्रेताची स्थिती, अंगावरचे कपडे, दिसणाऱ्या जखमा आणि पंचांचे मृत्यूच्या कारणाबद्दलचे मत लिहायचे, शवविच्छेदनासाठी यादी द्यायची, नंतर ताबा पावती घेऊन प्रेत नातेवाइकांच्या स्वाधीन करायचे. लग्नाला सात वर्षे न झालेल्या विवाहितेचा संशयास्पद मृत्यू असेल तर इन्क्वेस्ट कार्यकारी दंडाधिकारी करतात. यातले कोणतेही वाक्य अवघड नाही. अवघड असते ते, अंगणात रडणारे घर असताना ‘उजव्या हाताच्या मनगटावर गोंदण’ असे शांतपणे लिहिणे, आणि ते लिहावेच लागते, कारण पुढे शंका आली तर तीच नोंद पाहतात.

घरफोडीचे दोषारोपपत्र 60 दिवसांची मर्यादा धरून तयार करायला साहेबांनी सांगितले होते. काही गुन्ह्यांना 90 दिवस मिळतात, पण मुदत टळली तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, तेव्हा शंकेला जागा ठेवायची नाही, हे त्यांचे म्हणणे. साक्षीदारांची यादी, मुद्देमालाची यादी, पंचनामे, दाखले, सी.ए.कडे माल पाठवल्याची पोचपावती, असे सगळे लावून सरकारी अभियोक्त्यांकडून तपासून घेतले आणि न्यायालयात दाखल केले. तिथे त्याला आर.सी.सी., म्हणजे नियमित फौजदारी खटल्याचा, क्रमांक पडला. आरोपी मिळालाच नसता तर तपास बंद करण्यासाठी न्यायालयाकडे ‘अ’ समरी मागावी लागली असती, म्हणजे गुन्हा खरा पण उघडकीस न आलेला. फिर्याद जाणूनबुजून खोटी निघाली तर ‘ब’, आणि गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून दिलेली असली तर ‘क’. मुद्देमाल कारकुनाच्या खोलीत जुन्या ‘अ’ समरींचे गठ्ठे पाहिले की तपास पहिल्या काही तासांतच का करायचा हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

फिर्यादी बाईंना दागिने परत हवे होते. खटला संपेपर्यंत ते ठाण्याच्या तिजोरीत ठेवण्याची गरज नसते. कलम 497 खाली त्यांनी अर्ज केला, न्यायालयाने आमचे म्हणणे मागवले, आम्ही ‘हरकत नाही’ असे लिहून दिले. आदेश आल्यावर दागिन्यांची छायाचित्रे घेतली, वजनासह पंचनामा केला आणि सुपुर्दनाम्यावर त्यांची सही घेतली. विकणार नाही, रूप बदलणार नाही, न्यायालय बोलावेल तेव्हा हजर करीन, अशी त्यातली हमी असते. लगडीचे काय, ती मोडून नवे मंगळसूत्र केले तर चालेल का, असे त्यांनी विचारले. खटल्याचा निकाल लागेपर्यंत नाही, असे मी सांगितले, आणि न्यायालयाची वेगळी परवानगी मागायची असेल तर अर्ज कसा करायचा ते कोर्ट पैरवी अंमलदाराकडून त्यांना लिहून दिले.